म्युनिककरीण की स्टुटगार्टकरीण

४ जानेवारी, रविवार

बोलणारा माणूस फिरतो, लिहिलेला कागद फिरत नाही. अठ्ठावीस वर्षं विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासून मी एवढं एकच शिकलो. म्हणून ही वही. नवी गाडी घ्यायची आहे आणि या व्यवहारात मला कोण काय सांगतं ते तारीखवार टिपून ठेवणार आहे. उद्या कोणी म्हणालं, ‘असं मी बोललोच नव्हतो,’ तर वही पुढे करायची.

आयुष्यभर लोकांच्या चेपलेल्या गाड्या पाहिल्या. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी एक अखंड, चांगली, अंगात रग असलेली गाडी आपल्या दारात उभी असावी, एवढीच इच्छा आहे. उमेदवार दोन. दोघीही जर्मन, दोघीही सहा सिलिंडरच्या. बाहेरून चार दारांच्या सोज्वळ बायका आणि आतून वाघिणी. शर्यतीत कोण जिंकते याच्याशी मला देणंघेणं नाही. मला ती रोज चालवायची आहे. घर ते वर्कशॉप, हे वर्कशॉप ते ते वर्कशॉप, भाजी, बँक, खड्डे, स्पीडब्रेकर. गावावरून मी त्यांना आडनावं देऊन टाकली: म्युनिककरीण आणि स्टुटगार्टकरीण. पैसे बाजूला काढलेले आहेत, त्यावर या वहीत एक अक्षर नको.

हिला सांगितलं. ‘घ्या की,’ म्हणाली. ज्या बाईने मिक्सर निवडायला दोन महिने लावले, ती एका दमात ‘घ्या की’ म्हणते, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. वर म्हणाली, ‘पण आधी डोळे तपासून घ्या. चार वर्षं झाली नंबर काढून.’ गाडीचा आणि डोळ्यांचा काय संबंध? दहा फुटांवरून मला केसाएवढा चरा दिसतो. त्यावरच तर घर चाललंय.

७ जानेवारी, बुधवार

स्टुटगार्टकरीण चालवून पाहिली. शोरूमच्या माणसाने टाय इतका घट्ट बांधला होता की बोलताना त्याचे डोळे बाहेर येत होते. त्याला टाय म्हणू.

गाडी छान आहे, कबूल. खुर्ची ऐसपैस. स्पीडब्रेकरवर पोट घासत नाही. पॅडल जरा दाबलं की अशी सुटते की काय सांगावं, आणि तरी शेजारच्याच्या हातातला चहा सांडणार नाही. पण डावीकडचा सेन्सर बिघडलेला आहे. काही जवळ आलं की टीं-टीं करतो ना, तो. डावीकडे चिटपाखरू नसताना तीनदा बोंबलला. मी टायला म्हटलं, ‘नव्या कोऱ्या गाडीचा सेन्सर असा?’ तर म्हणाला, ‘सर, तिथे सायकलवाला होता.’ मी वळून पाहिलं, तेव्हा होता खरा. पण आधी कुठे होता?

अर्ध्या तासाची फेरी ठरली होती. बाराव्या मिनिटाला टाय म्हणाला, ‘सर, परत फिरूया, पेट्रोल कमी आहे.’ काटा पाऊण टाकीवर. येताना तोच चालवायला बसला. गाडी तापल्यावर काहीतरी होत असणार आणि ते मला कळू नये अशी याची धडपड. नोंद: पुढच्या वेळी गाडी चांगली तापवून बघणे.

११ जानेवारी, रविवार

आमच्या जुन्या पांढरीच्या मागच्या डाव्या दारावर नवा चरा. वीतभर लांब, करडा रंग लागलेला. समोरच्या प्राध्यापकांची स्कूटर करडी आहे. आणखी काय पुरावा पाहिजे?

प्राध्यापक भूगोल शिकवतात आणि स्वतःच्या फाटकातून स्कूटर काढताना अख्ख्या गल्लीचा नकाशा बघितल्यासारखे दोन्हीकडे बघत उभे राहतात. असा भित्रा माणूसच कोणाचं लक्ष नसताना घासून जातो. मी विचारलं तर म्हणाले, ‘नाही हो, मी तर थांबलो होतो.’ सगळे हेच म्हणतात. ठोकर झाली की आमच्या धंद्याच्या भाषेत त्यातली एक गाडी ‘चालती’ असते आणि एक ‘उभी’. आजवर मला एकही माणूस भेटला नाही ज्याची गाडी त्याच्या म्हणण्याप्रमाणे चालती होती. सगळ्यांच्या उभ्या. दोन उभ्या गाड्या एकमेकींवर आदळतात, असा हा चमत्कारिक धंदा.

ही म्हणाली, ‘तुम्हीच बघा ना नीट, चरा कुठून कुठे गेलाय. तुमचंच काम आहे.’ मी सांगितलं, स्वतःच्या गाडीचा सर्व्हे स्वतः करायचा नसतो, नियमात बसत नाही. ही आत निघून गेली.

बाकी गल्लीबद्दल तक्रार नाही. माझी गाडी वळणावर आली की लोक आपण होऊन बाजूला होतात, बायका मुलांना जवळ ओढून घेतात. अजून मान आहे.

१३ जानेवारी, मंगळवार

आता दुसरंच प्रकरण. ही महिनाभर सकाळी सव्वासहाला ‘फिरायला’ जाते. आज चपला दारात उलट्या पडलेल्या दिसल्या. उजव्या चपलेची टाच मागच्या कडेला घासून तिरकी झालेली, डावी जशीच्या तशी. चालून चालून एकाच चपलेची टाच झिजते, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. लंगडत फिरते की काय?

खिडकीतून पाहिलं. कोपऱ्यावर हिच्या भावाची छोटी निळी गाडी उभी होती. मेव्हणा रविवारीसुद्धा नऊच्या आधी तोंड धूत नाही. तो सव्वासहाला कोपऱ्यावर? विचारलं तर ही म्हणाली, ‘तोही फिरायला येतो.’ गाडी घेऊन फिरायला. छान.

१७ जानेवारी, शनिवार

म्युनिककरीण. ही म्हणाली, मीही येते. आजवर कधी आली नाही, आज येते. येऊ दे म्हटलं.

या शोरूमचा माणूस डोक्यावर गॉगल चढवून फिरतो, आत, छपराखाली. गाडी मात्र, काय सांगू. स्टेअरिंग हातात धरलं आणि मला पंचवीस वर्षांचा झाल्यासारखं वाटलं. मनात वळायचं आलं की वळलेली असते. जरा कडक आहे, खड्डा पाठीला कळतो, पण खोटं काही बोलत नाही. मला अशी माणसं आवडतात. म्हणजे आवडली असती, भेटली असती तर.

गॉगल म्हणाला, ‘सर, डाव्या आरशात बघा. बाजूला कोणी असलं की तिथे केशरी दिवा लागतो.’ मला पूर्ण फेरीत एकदाही दिवा लागलेला दिसला नाही. त्याला म्हटलं, दिवा गेलाय. तो हिच्याकडे बघून म्हणाला, ‘लागतोय सर, आत्ताही लागलाय.’ मी मान वळवून पाहिलं, तर लागलेला. मी बघितलं की लागतो, नाही बघितलं की नाही. आणि डावा सेन्सर इथेही तसाच बोंबलणारा. दोन्ही कारखाने एकाच ठिकाणाहून सेन्सर आणत असणार, आणि ते कोणी कबूल करणार नाही.

उतरल्यावर हिच्या उजव्या तळहातावर चार नखांचे लाल वण दिसले. नोंद: म्युनिककरणीचं सस्पेन्शन शेजारी बसणाऱ्याला सोसत नाही.

२० जानेवारी, मंगळवार

पानाकडे गेलो. पाना म्हणजे आमच्या ओळखीतला सगळ्यात जुना मेकॅनिक. एवढी वर्षं ह्याच्या वर्कशॉपमध्ये मी गाड्या तपासतो. हा माणूस विकला जाणार नाही असं मी कालपर्यंत शपथेवर सांगितलं असतं.

सगळं विचारलं. टायर, सुटे भाग, रोजची पळापळ, कोणत्या गाडीची काय रड. नेहमी अशा विषयावर पाना थांबता थांबत नाही. आज हात पुसत राहिला. मग म्हणाला, ‘साहेब, गाड्या दोन्ही सोन्यासारख्या. पण चालवणार कोण?’

‘कोण म्हणजे? मी.’

‘ड्रायव्हर ठेवा की. मागे बसा ऐटीत.’

‘अरे, मागे बसायला अशी गाडी घेतात का? पोहायचा तलाव बांधून काठावर बसू?’

पाना हसला नाही. मी पांढरी बाहेर काढत होतो तर धावत येऊन डावीकडे उभा राहून हातवारे करायला लागला, या, या, बस, बस. एवढ्या वर्षांत कधी केलं नाही. दोन्हीपैकी एका शोरूमने त्याला फोडलाय. कोणत्या, ते शोधलं पाहिजे.

२४ जानेवारी, शनिवार

मेव्हणा जेवायला आला. म्हणाला, ‘भाऊजी, हल्ली त्या छोट्या ऑटोमॅटिक किती छान निघाल्यात.’ म्हणजे स्वतःची निळी माझ्या गळ्यात मारायचा बेत.

जेवण झाल्यावर दोघं भाऊबहीण गच्चीत कुजबुजत होती. मी पाणी प्यायला उठलो तर ऐकू आलं. हा म्हणाला, ‘अगं, पण त्यांना सांगणार कोण?’ ही म्हणाली, ‘वीस तारीख होऊ दे. हातात आलं की मीच सांगेन.’ काय हातात येणार आहे? मी गच्चीत गेलो तर दोघं एकदम हवामानावर बोलायला लागली. चोराच्या मनात चांदणं.

त्या गडबडीत माझ्या कोपराने चहाचा कप पडला. कप डाव्या हाताशी कोणी ठेवला होता? या घरात वस्तू हल्ली कुठेही ठेवतात. मी ओरडलो. मेव्हण्याने मुकाट्याने काचा गोळा केल्या.

शिवाय दुपारी ही हातात ब्रश घेऊन फाटकाच्या खांबाला रंग देत होती. म्हणे डाग पडलेत. दोन खांबांपैकी एकाच खांबाला डाग पडतात का?

२९ जानेवारी, गुरुवार

वहीत तक्ता केला. चौदा मुद्दे: खुर्ची, डिकी, वळण्याची जागा, खड्डे, आवाज, आरसे वगैरे. प्रामाणिकपणे गुण दिले. म्युनिककरीण सात, स्टुटगार्टकरीण सात. तक्त्यावरसुद्धा आता माझा विश्वास राहिला नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

आजचंसुद्धा तारीखवार लिहितो.

सकाळी ठरवलं, सोक्षमोक्ष लावायचा. ही सव्वासहाला निघाली. मी दोन मिनिटांनी पांढरी काढली आणि निळीच्या मागे लागलो. मोठ्या चौकापर्यंत दिसत होती. मग एकदम डावीकडे वळली असणार, कारण नाहीशी झाली. मी दोन फेऱ्या मारल्या, वैतागलो, परत फिरलो.

आमच्या गल्लीत डावीकडे वळलो आणि धाडकन आवाज आला. काहीतरी येऊन आदळलं. ब्रेक लावला. उतरून पाहिलं तर प्राध्यापकांची स्कूटर आडवी आणि प्राध्यापक कठड्याशी बसलेले, हात पोटाशी धरून. मनगट सुजलेलं. चष्मा रस्त्यावर.

मी पहिलं वाक्य काय बोललो ते लिहिलंच पाहिजे, वही त्यासाठीच आहे. मी म्हणालो, ‘बघून चालवता येत नाही का?’

ते म्हणाले, ‘अहो, मी थांबलो होतो.’

त्यांची सून त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. मनगटाला बारीक तडा आहे. खिडक्यांत लोक उभे होते, कोणीही माझ्या बाजूने बोललं नाही. ही आठ वाजता आली, गाडी बघितली, स्कूटर बघितली, आणि पायरीवरच बसली. ‘कुठे होतीस?’ मी विचारलं. ‘आधी ते कसे आहेत सांगा,’ म्हणाली.

उद्या मी सर्व्हे करणार. नियम गेला खड्ड्यात. प्राध्यापकांची चालती होती हे कागदावर सिद्ध करून त्यांच्या दारात चिकटवतो.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दहाला उजेड चांगला असतो. खडू, टेप, भिंग घेतलं. पद्धत नेहमीचीच: आधी प्रत्येक खुणेभोवती खडूने गोल करायचा, मग उंची मोजायची, मग चऱ्याची दिशा. गाडी चालती असेल आणि समोरचं उभं, तर चरा पुढे बारीक सुरू होतो आणि मागे जात खोल होतो. समोरच्याच्या रंगाचा चुरा मागच्या टोकाला साचतो. उलट असेल तर उलट. यात मत चालत नाही.

कालची खूण पुढच्या डाव्या दारावर. भिंग लावलं. पुढे बारीक, मागे खोल. करडा चुरा मागच्या टोकाला. पुन्हा पाहिलं. अंगठ्याने चुरा काढून कागदावर घेतला आणि दारावर दुसऱ्या ठिकाणी लावून पाहिला, मूर्खासारखा. मग स्कूटर जिथे पडली होती तिथे गेलो. तिच्या स्टँडचा आणि मागच्या चाकाचा ठसा रस्त्याच्या मातीत जागच्या जागी होता, घसरल्याची रेघ नाही. म्हणजे उभी.

मग अकरा तारखेची खूण पाहिली. पुढे बारीक, मागे खोल. तोच करडा. खाली, पुढच्या चाकावर एक जुनी खूण, तिच्यात आमच्या खांबाचा पिवळा. मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर एक, आरशाच्या पाठीवर एक. मी नुसते गोल करत गेलो. गोल करून झाल्यावर चार पावलं मागे सरलो, कारण शेवटी पूर्ण गाडी लांबून बघायची असते. सात गोल. सातही डाव्या बाजूला. उजवी बाजू धुतल्या तांदळासारखी.

कोणी परक्याने ही गाडी माझ्यासमोर आणली असती तर मी दोन मिनिटांत लिहिलं असतं: चालक डावीकडे बघत नाही.

‘सात नाहीत. नऊ,’ ही म्हणाली.

मी दचकलो. ही माझ्या डाव्या खांद्याशी उभी होती. केव्हापासून, विचारलं. म्हणाली, ‘तुम्ही दुसरा गोल केलात तेव्हापासून. दोन मी पॉलिशने घासून काढल्या. खांबाला तीनदा रंग दिला.’

‘सांगितलं का नाहीस?’

‘सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, गाडी नको म्हणून ही भावाशी मिळून कट करतेय. म्हणाला असतात की नाही?’

मला ही वही आठवली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ, ती म्हण मला ऐकवायला कोणी येऊ नका. मीच इथे लिहून ठेवली.

मग खाली फरशीवर बसून रिपोर्ट पूर्ण केला, कारण अर्धा सोडलेला रिपोर्ट मी आयुष्यात दिलेला नाही. उभी: स्कूटर. चालती: माझी. सही केली.

७ फेब्रुवारी, शनिवार

डोळ्यांचे डॉक्टर. एका अर्धगोल यंत्रात हनुवटी ठेवायची, समोर ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कुठेही उजेड चमकला की बटण दाबायचं. डाव्या डोळ्याच्या वेळी बराच वेळ काही चमकेचना. मी म्हणालो, ‘यंत्र बंद पडलंय वाटतं.’ तिथल्या बाई म्हणाल्या, ‘नाही काका, चालू आहे.’

काचबिंदू. डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू जवळजवळ गेलेली, उजव्याची सुरुवात. गेलं ते परत येत नाही. थेंब घातले तर राहिलेलं राहील. मी म्हटलं, ‘डॉक्टर, मला अंधार कुठेच दिसत नाही. गेलं असतं तर काळं दिसलं असतं ना?’ ते म्हणाले, ‘तीच तर गोम आहे. काळं दिसत नाही, काहीच दिसत नाही. मेंदू आजूबाजूचं घेऊन ती जागा भरून टाकतो, म्हणून रस्ता रिकामा वाटतो.’

खोटा क्लेम. अठ्ठावीस वर्षं लोकांचे पकडले आणि माझं स्वतःचं डोकं रोज माझ्याकडे एक सादर करत होतं, मी मंजूर करत होतो.

‘गाडी?’ मी विचारलं.

‘चालवायची नाही,’ ते म्हणाले. ‘विचार करून बघू वगैरे नाही. नाही म्हणजे नाही.’

बाहेर बाकावर मी रडलो. हिने रुमाल दिला आणि दुसरीकडे बघत बसली. नोंद ती नोंद.

८ फेब्रुवारी, रविवार

प्राध्यापकांकडे गेलो. मनगटाला प्लॅस्टर. रिपोर्टची प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचली, शिक्षकासारखी, आणि एका ठिकाणी म्हणाले, ‘इथे वेलांटी चुकलीय.’

मी हात जोडले. ते म्हणाले, ‘अहो, तुमच्या गाडीचा आवाज आला की मी थांबतोच. दोन वर्षं झाली. अकरा तारखेलाही थांबलो होतो. सोमवारी जरा पुढे थांबलो, एवढंच चुकलं.’ मग माझा चेहरा बघून त्यांना वाईट वाटलं असावं. हळू म्हणाले, ‘गल्लीत सगळेच थांबतात. मुलांना तसं शिकवलंय.’

पांढरीची किल्ली घरी येऊन हिच्या कपाटात टाकली. शोरूमना फोन करून दोन्ही गाड्या नको सांगायला पाहिजे. आज नाही केला.

२२ फेब्रुवारी, रविवार

ही माझ्यासमोर येऊन बसली आणि टेबलावर एक कार्ड ठेवलं. ड्रायव्हिंग लायसन्स. फोटो हिचा. परवा, वीस तारखेला परीक्षा पास झाली.

दोन महिने रोज सकाळी भावाच्या निळीवर शिकत होती. मी विचारलं, ‘आणि तो छोट्या गाडीचं का सांगत होता?’ ‘त्याला वाटलं मला मोठी झेपणार नाही,’ ही म्हणाली. ‘मूर्ख आहे.’

चपलेची टाच. गाडी चालवणाऱ्याची उजवी टाच मॅटवर टेकून फिरते, कडेला झिजते. शेकडो ड्रायव्हरांच्या चपला मी बघितल्यात. एकदा तर चपलेवरून खरा ड्रायव्हर कोण ते सिद्ध केलं होतं. माझ्याच दारात होती आणि मी म्हटलं, लंगडते.

‘तुम्ही कामाला जायचं सोडणार नाही, मला माहीत आहे,’ ही म्हणाली. ‘जवळचं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. मी नेईन, आणेन. आता सांगा, दोघींपैकी कोणती?’

‘आता कशाला त्या? तुझ्या भावाची बरी.’

‘का हो? चौदा वर्षं पांढरीत बसले. तुम्ही चालवणार तेव्हा वाघीण, मी चालवणार तेव्हा शेळी?’

मी वही उघडली. तक्ता दाखवला, सात-सात. हिने चौदा मुद्दे बोट ठेवून वाचले आणि वही मिटली. म्हणाली, ‘यात चालवणाऱ्याला बाहेरचं किती दिसतं, हे कुठेच नाही.’

२८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी म्युनिककरीण. ही बसली, खुर्ची वर-खाली केली, मान चारी बाजूंना वळवून बघितली. गॉगलला विचारलं, ‘पावसात मागची काच लवकर साफ होते का? चालवताना तिचं बटण हाताला न बघता सापडतं का?’ मी दोन्ही शोरूम फिरून आलो होतो, एकदाही विचारलं नव्हतं. एक फेरी मारून नीट परत आणली आणि ‘छान आहे’ एवढंच म्हणाली.

मग स्टुटगार्टकरीण. टाय मागे बसला, मी डावीकडे शेजारी. आरसे लावताना ही पुटपुटली, ‘हिच्यात मला बॉनेटची दोन्ही टोकं दिसतात.’ तेव्हाच मी समजलो, निकाल लागला.

पहिली दहा मिनिटं अगदी गोगलगाय. सेन्सर एकदाही वाजला नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात हिला गाडी चालवताना मी आज पहिल्यांदा पाहिलं, आणि पूर्ण पाहिलं, कारण ही माझ्या उजव्या बाजूला होती. खालचा ओठ दातात धरते. वळताना पुटपुटते. चेहरा असा गंभीर की मी याआधी फक्त हिच्या आईच्या आजारपणात पाहिलेला. मी चालवायचो तेव्हा ही डावीकडे असायची. तिथे कसा चेहरा करून बसायची, मला माहीत नाही. मी कधी पाहिला नाही, आणि पुढे पुढे तर दिसलाच नसता.

मोठा रस्ता मोकळा लागला. टाय मागून म्हणाला, ‘मॅडम, जरा दाबून बघा.’ हिने दाबलं. गाडी जी निघाली, पाठ खुर्चीला चिकटली. समोर लांबवर एक ट्रक संथपणे आमच्या रांगेत येत होता. हिने तो पाहिला होता, पाय कधीच सैल केला होता, मला ते कळलं नाही. माझा उजवा पाय आपोआप पुढे गेला आणि मॅटवर जोरात दाबला गेला.

हिने समोरची नजर हलवली नाही.

‘तिथे ब्रेक नसतो,’ म्हणाली. ‘मी तीस वर्षं शोधला.’

मी पाय उचलून घेतला.